गंडीकोट्याच्या घळीत

आंध्र प्रदेशातल्या कडप्पा जिल्ह्यात, जम्मलमडुगूपासून पंधराएक किलोमीटरवर, पेन्ना नदीने एर्रमला डोंगर उभा चिरला आहे. दोन्ही अंगांना तांबड्या खडकाचे कडे, मधे हिरवं पाणी आणि एका काठावर गंडीकोट्याचा किल्ला. हा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. बंगळूर-हैदराबादची मंडळी पहाटे काठावरच्या शिळांवर येऊन बसतात, सूर्य उगवला की फोटो काढतात आणि नाश्त्याच्या वेळेला परत फिरतात. घळीच्या तळाला फारसं कुणी उतरत नाही. आपल्याकडची माणसं तर गंडीकोट्यालाच कमी जातात. तिरुपतीला निघालेले आपले हजारो लोक रात्रीच्या गाडीत झोपलेले असतात, आणि ही घळ तासा-दीड तासाच्या अंतरावर बाजूला राहून जाते.

आम्हाला घळच बघायची होती, आणि तीही खाली उतरून. सोलापूरची दोन घरं निघालो. आमच्याकडून मी, नवरा, सातवीतली लेक, मोठे भाऊजी आणि जाऊबाई. भाऊजींनी सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात काढली, त्यामुळे खडक दिसला की ते थांबतात. दुसरं घर माझ्या मैत्रिणीचं. ती सोलापूरच्या पूर्व भागातली, पद्मशाली म्हणजे विणकर समाजातली, घरात सगळे तेलुगू बोलतात. तिचा नवरा, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा आणि सासूबाई बरोबर होत्या. सासूबाईंना आम्ही सगळेच अक्का म्हणतो. सत्तरी ओलांडलेल्या अक्का घळीत उतरणार नव्हत्या, पण आमचा निम्मा प्रवास त्यांच्या बोलण्यावर सुकर झाला.

शुक्रवार : ताडिपत्री

गुरुवारी रात्री सोलापूरला गाडी धरली. वाडीच्या अलीकडे शहाबाद गेलं तेव्हा भाऊजी जागेच होते. सकाळी चहा पिताना म्हणाले, “आपल्या घरात जमिनीला शहाबादी फरशी आणि ओट्याला कडप्पा. दोन्ही दगडांची गावं या एकाच रेल्वेमार्गावर आहेत. सोलापूरकराने एकदा तरी हा मार्ग दिवसा बघावा.” ताडिपत्रीला उतरल्यावर त्यांचं म्हणणं डोळ्यांसमोर आलं. गावाबाहेरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दगड कापायचे आणि घासायचे कारखाने, उभ्या रचलेल्या लाद्या, सगळीकडे पांढुरकी भुकटी. ज्या काळ्या चुनखडकावर आपण रोज पोळ्या लाटतो तो याच टापूतून येतो.

नाश्त्याला स्टेशनजवळच्या छोट्या हॉटेलात उग्गाणी मिळाली. भिजवून पिळलेले चुरमुरे, कांदा, हिरवी मिरची, हळद, वरून डाळ्याची पूड आणि शेजारी गरम मिरची भजी. पहिला घास घेतल्यावर जाऊबाई म्हणाल्या, “अगं, हा तर आपला सुशीला!” खरंच तोच. लिंबू तेवढं इथे जरा सढळ.

मग पेन्नेच्या काठावरचं बुग्गा रामलिंगेश्वराचं मंदिर पाहिलं. इथल्या पिंडीपाशी झऱ्याचं पाणी सतत येत असतं. पण डोळे खिळतात ते बाहेरच्या अर्धवट राहिलेल्या गोपुरांवर. वरचे मजले कधी चढलेच नाहीत, पण जेवढं दगडी काम झालं आहे त्यात कोरल्याशिवाय सोडलेली वीतभरही जागा दिसत नाही. गावातलं चिंतल वेंकटरमणाचं मंदिर सोळाव्या शतकातलं. आत दगडी रथाच्या रूपात गरुडाचं देऊळ आहे. ते बांधणारे पेम्मसानी नायक विजयनगरचे सरदार, आणि गंडीकोट्याचा किल्लाही त्यांच्याकडेच होता. म्हणजे उद्या-परवा जे पाहायचं होतं त्याच्या मालकांची ओळख आजच झाली.

मंदिरामागे नदीकडे गेलो. पात्र केवढं तरी रुंद, पण सगळी वाळू. पाणी म्हणाल तर एका कडेने वाहणारी बारीक धार. लेक बघत राहिली आणि म्हणाली, “हिने डोंगर कापला?” प्रश्न रास्त होता. पेन्ना कर्नाटकातल्या नंदी डोंगराजवळ उगम पावते आणि ५९७ किलोमीटर वाहून नेल्लूरच्या पुढे बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेतला बराचसा मुलूख रायलसीमेचा, दुष्काळाचा. अनंतपूर भागात वर्षाला सहाशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. भाऊजी तिला म्हणाले, “उद्या खाली गेल्यावर बोलू. वरून सांगितलेलं पटायचं नाही.”

दुपारी भाड्याच्या गाडीने निघालो. रस्त्याला ज्वारी, हरभरा, मधेच कापूस, क्षितिजावर बसके डोंगर. अशा सपाट मुलखात घळ असेल असं शेवटपर्यंत वाटत नाही. किल्ल्याचा दरवाजा ओलांडला, आतल्या गावातून चालत रंगनाथस्वामींच्या पडक्या देवळापाशी आलो, तिथून शिळांवर चढलो आणि पुढे जमीन नव्हती. संध्याकाळ झालेली, समोरचा कडा लाल, तळात पाण्यावर सावली चढलेली. काठाला कठडा नाही. मुलांचे हात घट्ट धरा, पावसाळ्यात या शिळांवर जाऊच नका, हे इथे आधीच सांगून टाकते.

काठावर माणसं बरीच होती. अंधार पडायच्या आत सगळी निघून गेली. मुक्काम किल्ल्याबाहेर होता. रात्री नाचणीची संगटी आणि शेंगदाण्याची चटणी. अनंतपूर-कडप्पा म्हणजे भुईमुगाचा मुलूख, आणि शेंगाचटणीच्या बाबतीत सोलापूरकर सहसा दुसऱ्याला मान देत नाही. इथे आम्ही दोनदा मागून घेतली.

शनिवार : तळाला

वाटाड्या गावातलाच, पंचविशीचा. अक्कांनी त्याला आदल्या संध्याकाळीच गाठलं होतं. अक्कांचं तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरात मुरलेलं, त्यात मराठी शब्द भरपूर, तर त्याचं कडप्प्याचं, खडं आणि वेगाने येणारं. दोघांना एकमेकांचं ऐकून गंमत वाटत होती. कोण उतरणार, कुणाचे गुडघे कसे आहेत, सगळं त्याने विचारून घेतलं. त्याची अट एकच होती: उजाडताच निघायचं आणि ऊन तळाला पोचायच्या आत परतीची चढण धरायची. पाणी माणशी तीन लिटर.

सहाला निघालो. देवळाच्या पलीकडून शिळांमधून एक ओहोळ खाली उतरतो, तीच वाट. वाट म्हणजे पायवाट नव्हे. वरून कोसळलेल्या मोठमोठ्या चौकोनी शिळा एकमेकींवर रेलून पडल्या आहेत, त्यांच्यामधून, वरून आणि काही ठिकाणी खालून जायचं. सह्याद्रीच्या नाळेत उतरलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल, फरक इतकाच की आपल्याकडे पायाखाली घसारा आणि माती असते. इथे मातीच नाही. खडक कोरडा असेपर्यंत बुटाची पकड उत्तम बसते, पण कडा धारदार असतात आणि पाय चुकीच्या फटीत गेला तर मुरगळणार हे नक्की. वाटाड्या पुढे, मग मुलं, मग आम्ही, आणि सगळ्यात मागे मैत्रिणीचा नवरा. जाऊबाई अवघड जागी सरळ बसून घ्यायच्या आणि हातांवर भार देऊन उतरायच्या. त्यांनी कुठेही घाई केली नाही आणि दुसऱ्यांनाही करू दिली नाही. त्यामुळे सगळ्यांचाच वेग ठरला आणि कुणाला खरचटलंही नाही.

निम्म्यावर थोडी सपाट जागा आहे. तिथे लेकीने हाक मारली. एका तिरक्या पडलेल्या शिळेवर ती तळवा फिरवत होती. शिळेच्या पृष्ठावर बोटभर अंतरावर सरळ, समांतर वळ्या होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भाऊजी गुडघ्यावर बसले. त्यांनीही हात फिरवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “रत्नागिरीला ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर असं पाहिलंयस ना? हा समुद्राचा तळ आहे.”

हा खडक क्वार्ट्‌झाइट. उथळ समुद्राच्या काठची वाळू थरावर थर साचत गेली, वरच्या भाराने आणि उष्णतेने आवळली गेली, कण कणाला जुळून इतका कठीण दगड झाला की लोखंडाने सहज ओरखडा उठत नाही. भूगर्भशास्त्रज्ञ या थराला गंडीकोटा क्वार्ट्‌झाइट असंच नाव देतात आणि तो कडप्पा खोऱ्याच्या शंभर कोटी वर्षांपेक्षा जुन्या खडकांत मोडतो. विल्यम किंगने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी कडप्पा आणि कर्नूलच्या खडकांचं तपशीलवार वर्णन १८७२ साली छापलं, तेव्हापासून हा टापू भूगर्भाच्या अभ्यासकांना परिचित आहे. आपला सह्याद्री साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लेकीच्या हाताखालची वाळू हलली तेव्हा प्राणी नावाची गोष्ट पृथ्वीवर नव्हती. म्हणून या शिळांत शंख-शिंपले सापडत नाहीत, सापडतात त्या फक्त लाटांच्या खुणा. मैत्रिणीच्या मुलाने फोन काढला, फोटो घेतला, मग फोन खिशात ठेवून तोही हात लावून बसला.

पुढची उतरण जास्त खडी होती. एका जागी दोन शिळांमधल्या फटीतून एकेकाने तिरकं होऊन सरकायचं. सॅक आधी खाली द्यायच्या. तिथून बाहेर पडलो आणि समोर पाणी. काठापासून सुमारे तीनशे फूट खाली आलो होतो. घड्याळात आठ वाजून गेले होते आणि ऊन अजून समोरच्या कड्याच्या वरच्या चौथ्या हिश्श्यात होतं.

वरून घळ चित्रासारखी सपाट दिसते. तळातून तिची उंची अंगावर येते. दोन्ही कडे आडव्या थरांचे, रद्दीवाल्याकडे वह्यांचे गठ्ठे रचलेले असतात तसे, आणि त्या थरांना उभ्या भेगा. आडव्या-उभ्या रेषांनी अख्खा कडा चौकटींत कापलेला. काही चौकटी रिकाम्या, तिथली शिळा केव्हातरी निसटून खाली आलेली. आम्ही ज्यांच्यावर बसलो होतो त्या याच. कड्याच्या पायथ्याशी पाण्याच्या वर पुरुषभर उंचीपर्यंत पांढरट पट्टा होता, मागच्या पातळीची खूण. भेगांतून पाकोळ्या सुटायच्या, पाण्यावरून तिरक्या जायच्या आणि परत त्याच भेगेत. हाक मारली की समोरून स्पष्ट परत यायची. मुलांनी दहा मिनिटं तेच केलं आणि वाटाड्याने त्यांना करू दिलं.

मग भाऊजींनी लेकीला कालच्या प्रश्नाकडे आणलं. निघोजला कुकडीतले रांजणखळगे तिने पाहिलेत. “तिथे काय पाहिलंस? नुसतं पाणी दगड कापत नाही. पाण्याबरोबर येणारी वाळू आणि गोटे कापतात. आणि रोजची नदी कापत नाही, पुराची नदी कापते.” पेन्नेला बारा महिने पाणी नाही, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात उपसागरात वादळं उठली की याच कोरड्या मुलखात दोन दिवसांत कोसळधार होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये कडप्पा जिल्ह्यात आलेल्या पुरात चेय्येरू नदीवरचं अण्णमय्या धरण फुटलं, माणसं गेली. असे पूर लाखो वर्षं येत राहिले. शिवाय खडक कठीण असल्याने कडे ढासळून पसरट झाले नाहीत. मऊ खडकात दरी रुंदावत जाते, इथे उभ्या भेगेवर शिळा सुटते आणि मागचा कडा पुन्हा उभाच राहतो. लेकीने वर पाहिलं, रिकाम्या चौकटी मोजायला सुरुवात केली आणि मधेच विचारलं, “मग आत्ता हे पाणी कुठून आलं? काल तर नदी कोरडी होती.”

याचं उत्तर भाऊजींकडे अर्धं होतं, उरलेलं वाटाड्याने दिलं आणि माझ्या मैत्रिणीने ते मराठीत सांगितलं. घळीच्या वरच्या अंगाला गंडीकोटा धरण आहे, खालच्या अंगाला मैलवरम. आमच्या समोरचा फुगवटा मैलवरमचा. आणि वरच्या धरणात, जवळजवळ २७ टीएमसी क्षमतेच्या, पेन्नेचं स्वतःचं पाणी थोडंच असतं. बाकीचं श्रीशैलमच्या जलाशयातून कालव्याने, बोगद्याने येतं. म्हणजे कृष्णेचं पाणी. आणि कृष्णेला रायचूरच्या अलीकडे कोण मिळते? भीमा.

आम्ही सोलापूरची माणसं. उजनी, पंढरपूर, चंद्रभागा हे सगळं घरचं. पावसाळ्यात उजनीतून सोडलेलं पाणी कृष्णेत जातं, श्रीशैलमला अडतं, तिथून डोंगराखालून रायलसीमेत उतरतं आणि त्यातलं थोडंफार या घळीत येऊन उभं राहतं. जाऊबाई दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जातात. त्यांनी चपला काढल्या, पाण्याशी गेल्या, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. लेकही त्यांच्या मागे गेली. भूगोलाचा इतका मोठा धडा मी स्वतः कधी शिकले नव्हते.

या पाण्याला दुसरी बाजूही आहे आणि ती वाटाड्याने न विचारता सांगितली. वरच्या जलाशयाखाली गावं गेली. घरं, देवळं, शेतं. त्याच्या नात्यातली माणसं उठून नव्या वसाहतीत राहायला गेली. भरपाई मिळाली, पण जुनी शेजारघरं विखुरली. उजनीखाली गेलेल्या गावांच्या गोष्टी आमच्याकडे आजही सांगतात, त्यामुळे त्याला फार समजावून सांगावं लागलं नाही. मैत्रिणीच्या नवऱ्याचं आजोळ उजनीत गेलेलं. तो आणि वाटाड्या बराच वेळ वेगळे बसून बोलत होते.

भाकरी सोडल्या. ज्वारीच्या कडक भाकरी आणि चटणी सोलापूरहून आणलेली, दही इथलं. दूर पाण्यात एक जण वेताच्या गोल होडीतून जाळं टाकत होता. घळीत त्याच्या वल्ह्याचा प्रत्येक आवाज आमच्यापर्यंत येत होता. मुलांना पाण्यात जायचं होतं, वाटाड्याने घोट्यापर्यंतच जाऊ दिलं. कड्याखाली काठालाच पाणी खोल आहे आणि बुडालेल्या शिळांचा अंदाज येत नाही. इथे पोहू नये. गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही तो जाऊ देत नाही, असं म्हणाला.

दहा वाजता ऊन पाण्यावर आलं आणि पंधरा मिनिटांत घळीचा स्वभावच बदलला. कडे तापले की उष्णता दोन्हीकडून येते, वारा नसतो. आम्ही लगेच उठलो. येताना प्लास्टिकच्या बाटल्या दिसल्या होत्या. वरून फेकलेल्या, शिळांच्या फटीत अडकलेल्या. मुलांनी जमतील तेवढ्या दोन पिशव्यांत भरल्या आणि वर आणल्या. उतरायला सव्वादोन तास लागले, चढायला जवळपास तितकेच. जाऊबाईंना तीन ठिकाणी हात द्यावा लागला. वर रंगनाथाच्या देवळाच्या सावलीत अक्का गावातल्या चार बायकांबरोबर बसल्या होत्या. आमच्यासाठी ताक तयार होतं.

दुपारभर झोपलो. संध्याकाळी पुन्हा काठावर गेलो तेव्हा तीच घळ होती, पण आता तिच्यात आमच्या ओळखीच्या जागा होत्या. वळ्यांची शिळा, फट, पाण्याशी बसलो ती जागा. शेजारी उभं राहून फोटो काढणाऱ्या एका कुटुंबाला लेक बोट दाखवून दाखवून सगळं सांगत होती.

रविवार : किल्ला

किल्ला बघायला अख्खा दिवस दिला तरी तो पुरत नाही. शिवाय तळातून वर आल्यानंतर तो नीट कळतो. आपल्या गडांना कडा राखतो, इथे एका अंगाने घळ राखते. त्या बाजूला तट घालायची फारशी गरजच नव्हती, बाकीच्या अंगांना लाल चिऱ्यांचा भक्कम तट आणि बुरुज. गाव अजूनही आतच नांदतं. कोंबड्या, म्हशी, दारात रांगोळ्या आणि त्यांच्यामधून वाट थेट जामिया मशिदीकडे.

जामिया मशीद, तिच्या शेजारचं प्रचंड कोठार आणि थोड्या अंतरावरचं माधवरायाचं मंदिर एकाच फेरीत होतात. मशिदीचे दोन मिनार आणि मंदिराचं चार मजली गोपुर एका नजरेत बसतात. मंदिरात मूर्ती नाही, मंडपाचे खांब मात्र अप्रतिम. कोठाराच्या आत गेल्यावर गारवा जाणवतो. वरच्या झरोक्यांतून धान्य ओतायचे. वेढा पडला तर किती दिवस निघतील याचा हिशेब बांधणाऱ्याने केलेला दिसतो.

१६५० साली गोवळकोंड्याचा वजीर मीर जुमला याने हा किल्ला पेम्मसानींकडून घेतला. १६५२ मध्ये फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये त्याला भेटायला इथेच आला, कारण गोवळकोंड्याच्या सुलतानाला रत्नं विकायची तर आधी मीर जुमलाच्या नजरेखालून जावी लागत. त्याने लिहून ठेवलं आहे की वर यायची वाट अवघड, एका बाजूला भयंकर कडा आणि त्याच्या तळाशी मोठी नदी, पण वर आल्यावर सपाट जमीन, त्यात भात आणि भरड धान्याची शेती आणि तिला झऱ्यांचं पाणी. मीर जुमला तेव्हा इथे युरोपीय कारागिरांकडून तोफा ओतून घेत होता. पुढे हाच मीर जुमला औरंगजेबाला मिळाला. आणि ताव्हेर्निये येऊन गेल्यावर पंचवीस वर्षांनी, १६७७ च्या दक्षिण मोहिमेत, शिवाजी महाराजांचं सैन्य श्रीशैलमहून कडप्प्याच्या याच भागातून खाली तमिळ मुलखाकडे गेलं. मोहिमेचं हे नाव आपण शाळेत पाठ करतो, पण तो रस्ता किती कोरडा आणि किती लांबचा होता हे इथे उन्हात उभं राहिल्यावर समजतं.

ताव्हेर्नियेने पाहिलेलं पाणी कुठे आहे हे मला बघायचं होतं. पाटीवर ते नाही, अक्कांनी शोधून काढलं. आदल्या दिवशी बरोबर बसलेल्या बायकांनी त्यांना किल्ल्यातली तळी, बारव, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठली उन्हाळ्यात आटते, सगळं सांगितलं होतं. आम्ही अक्कांच्या मागून निघालो. रायल चेरुवू नावाचं तळं अजून पाणी धरून आहे. काठाला भाजीचे वाफे, एक म्हातारे गृहस्थ दोरीने बादली ओढत होते. अक्कांनी विचारलं, गावात माग आहेत का? ते म्हणाले, इथे नाहीत, मैलवरम-जम्मलमडुगूकडे विणकर आहेत, पण पोरं आता धाग्याला हात लावत नाहीत. अक्कांच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे माग होते. त्या तळ्याच्या पायरीवर त्यांच्याबरोबर अर्धा तास बोलत बसल्या, आणि आम्ही कुणी त्यांना उठवलं नाही.

सोमवार : बेलम

परतीची गाडी ताडिपत्रीहून रात्रीची होती, म्हणून बेलमच्या गुहा वाटेत घेतल्या. नंद्याळ जिल्ह्यात कोलिमिगुंडलाजवळ, वरून अगदी सपाट माळरान आणि जमिनीत एक भोक. रॉबर्ट ब्रूस फूटने १८८४ मध्ये या गुहांची नोंद केली, १९८२-८३ मध्ये गेबावर या जर्मन संशोधकाच्या चमूने आत जाऊन मोजणी केली. लांबी ३,२२९ मीटर निघाली, त्यातला साधारण दीड किलोमीटर लोकांसाठी खुला आहे.

घळ पाहून इथे यावं, हाच क्रम बरोबर. तिथे पाण्याने क्वार्ट्‌झाइट वरून खाली तोडला, इथे पाण्याने चुनखडक अंधारात आतून विरघळवला. छताला नदीच्या पात्रासारखी गुळगुळीत वळणं, भिंतीत आडवे काळे थर, आणि ते थर पाहून जाऊबाईंनी हात लावत म्हटलं, “हा ओटा.” बरोबर होतं, त्याच कुळातला हा चुनखडक. आत दमट उकाडा आहे. दम्याचा त्रास असेल तर शेवटच्या पाताळगंगेपर्यंत जाऊ नये. अक्का पहिल्या दालनापर्यंत आल्या, बाकीचे शेवटपर्यंत गेलो. पाताळगंगेचं पाणी खडकातल्या भेगेत जातं आणि दिसेनासं होतं. मैत्रिणीच्या मुलाने पुढचा अर्धा तास त्या पाण्याचं काय होत असेल यावर भाऊजींशी वाद घातला. संध्याकाळी ताडिपत्रीच्या फलाटावरही तो चालूच होता.

जाणाऱ्यांसाठी थोडं. सोलापूर-पुणे-मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्यांना ताडिपत्री किंवा मुद्दनूर ही जवळची स्टेशनं, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तिकीट काढताना बघून घ्या. किल्ल्यापाशी राहायला मोजक्याच जागा आहेत, शनिवार-रविवारी आधी सांगून ठेवावं लागतं. तळाला उतरायचं तर गावातला माणूस घ्याच. वाट सापडावी एवढ्यासाठीच नव्हे, पाण्याची पातळी आज काय आहे आणि कुठली शिळा हलते आहे हे त्यालाच ठाऊक असतं. त्याने मागितलेले पैसे घासाघीस न करता द्या. घोट्याला धरणारे बूट, हातमोजे, टोपी, माणशी तीन लिटर पाणी, आणि रिकाम्या बाटल्यांसाठी एक जादा पिशवी. मे महिन्यात पाणी उतरलं की काठाने आणखी पुढे जाता येतं असं आमचा वाटाड्या म्हणाला, पण तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो. मुलं आणि वडीलधारी बरोबर असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारी धरा, आणि उजाडताच निघा.